ओळ देणारा

आमच्या मंडळीत पियानो नाही. कधी नव्हताच.
केंटकीच्या डोंगरात, ओढ्याच्या वरच्या अंगाला
एक लाकडी घर, बाकं चौदा, स्टोव्ह एक,
आणि मी, ऑर्बिन, ओळ देणारा.
आधी मी ओळ म्हणतो, भरभर, एका दमात,
मग सगळे तीच उचलतात
आणि चढणीवरून ओंडका ओढावा तशी
सावकाश वर नेतात, वळवतात, खाली आणतात.
खाली आणतातच.
आमच्या चालींना शेवटी खाली यावंच लागतं.

डेल्फियानं कागद दिला तो औषधाच्या पिशवीचा,
मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं चार कडवी.
व्हर्लिनला जाऊन सात आठवडे झाले होते.
बाप खाणीत गेला, पोरगा गोळ्यांत,
अशाच एका पिशवीतून आलेल्या.
"बघ, कुठल्या चालीत बसतंय का,"
एवढं बोलून ती घेवड्याच्या पातेल्याकडे वळली.

कडवी साधीच. नदी, पैलतीर, खिडकीतला दिवा,
आम्ही सगळेच लिहितो तशी.
फक्त प्रत्येक कडव्याच्या शेवटी
प्रभू, तू ऐकतोस?
आणि ते प्रश्नचिन्ह इतकं दाबून काढलेलं
की टिंबाच्या जागी कागदाला भोक.

रविवारी मी ओळ दिली:
प्रभू, तू ऐकतोस.
चष्मा नाकावर होता. दिसलं नाही असं म्हणणार नाही.
चाळीस तोंडांनी ती उचलली,
वर नेली, वळवली, खाली आणून ठेवली,
आणि गाता गाता, रडता रडता
रिवाजाप्रमाणे एकमेकांचे हात धरत फिरले सगळे.
डेल्फियाचा हात माझ्या हातात आला तेव्हा गार होता.
"माझं शेवटचं चिन्ह कुठं सांडलंस?"
मी म्हटलं, चालीत बसेना.
"मला तरी कुठं बसतंय," ती म्हणाली.

पुढं ते गीत छापलं गेलं, पातळ पुस्तकात,
नुसते शब्द, चिन्हं जवळजवळ नाहीतच.
तीन खोऱ्यांत गातात आता. मयताला तर हमखास.
लोक म्हणतात, काय विश्वास बाईचा!
बाई तिसऱ्या बाकावर बसते,
सगळं गीत गाते, आणि शेवटच्या ओळीला
ओठ मिटून हातरुमालाची घडी घालते.
वर्षानुवर्षं मी ती घडी बघत आलो.

आता माझंही सांगून टाकतो.
तीन फुटांच्या छताखाली, कुशीवर पडून,
हेल्मेटचा दिवा मालवून
मीही विचारलंय त्याला तेच, शिव्या घालून विचारलंय.
पण रविवारी दाढी करून उभा राहिलो की
ते चालीत कसं पुरायचं हे मला येत होतं.
तिला येत नव्हतं. तिनं लिहिलं.

डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला:
दोन्ही फुप्फुसांत कोळसा, मी घरी न आणलेला
असं मला वाटत होतं तो.
दम आता अर्ध्या ओळीचा.
तरी ऑक्टोबरात, गेलेल्यांच्या आठवणीच्या सभेत
उभा राहिलो स्टोव्हला टेकून.
तीन कडवी निभावली. चौथ्याला
प्रभू, तू ऐक…
आणि हवा शोधत माझा आवाज वर गेला,
वरच राहिला. उतरायला काही उरलंच नव्हतं.

आमच्यात वाद घालत नाहीत. दिली तशी उचलायची.
त्यांनी उचलली.
चाळीसचे आता सतराच उरलेत.
सतरा जणांनी वर नेली, आणि तिथंच धरून उभे राहिले,
आणि त्यांत एक आवाज मी ओळखेना,
कारण त्या ओळीत तो मी कधी ऐकलाच नव्हता.

कुणी आमेन म्हटलं नाही.
स्टोव्हमध्ये लाकूड तडकलं.
डेल्फिया पाण्याचा पेला घेऊन आली,
माझ्या पाठीवर हात ठेवला,
आणि "बसलं" म्हणाली की "बस" म्हणाली,
खोकल्यात मला नीट ऐकू आलं नाही.